पुकारा

पेशंटच्या हिरडीत सुई होती तेव्हाच फोन वाजला. काम चालू असताना मी फोन घेत नाही हे शाळेच्या हेडक्लार्कला चांगलं ठाऊक आहे, त्याच्या पुढच्या दातांचा पूल मीच बसवलाय. तरी त्यानं माझ्या असिस्टंटला सांगितलं, आत्ताच्या आत्ता द्या, आणि त्या बावळट पोरीनं फोन माझ्या कानाशी आणून धरला. "डॉक्टर, तुम्हाला आधी कळवावं म्हटलं. तुमच्या भावानं चौकशी समितीसमोर सगळं मान्य केलं. सोमवारी शेवटची बैठक, त्यात निर्णय. वाईट वाटतं हो, पण चला, एकदाचं मिटलं." मी म्हटलं, "मान्य केलं म्हणजे काय केलं? तो नेमकं काय बोलला?" तिकडे घसा साफ करणं. "आरोप वाचून दाखवला. सर उठून उभे राहिले, मान खाली घातली आणि म्हणाले, आभारी आहे." माझा हात हलला नाही ही त्या पेशंटची पुण्याई. सुई बाहेर काढली, कापूस दाबला, "आता बधीर होईल, बसा जरा," म्हटलं आणि आतल्या खोलीत जाऊन बेसिनचा नळ सोडून उभी राहिले. हातमोजे काढायचेही विसरले होते. आभारी आहे! अरे मेल्या, नोकरी चाललीये तुझी, उद्या पोलीस दारात येतील, आणि तू आभार कसले मानतोयस? नळाचं पाणी मोज्यांवरून वाहत होतं आणि मला गार लागत नव्हतं.

आरोप साधा होता. भाऊ शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, प्रयोगशाळा त्याच्या ताब्यात. मधल्या सुट्टीत आम्लाचं कपाट उघडं राहिलं, वरच्या वर्गातली एक मुलगी आत शिरली, तिनं काहीतरी ओतलं आणि आम्ल उसळून तिच्या चेहऱ्यावर उडालं. डावा डोळा राहील की जाईल हे हॉस्पिटलवाले अजून सांगत नव्हते. मुलगी तेव्हापासून एक शब्द बोललेली नव्हती. कपाटाला किल्ली एकच, ती भावाच्या कोटाच्या खिशात. म्हणजे कपाट उघडं टाकणारा तोच. हे सगळ्यांना पटलं होतं, मला पटत नव्हतं, कारण माझा भाऊ खोलीबाहेर पडताना कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, परत वर येतो आणि पुन्हा ओढतो. लहानपणापासून. त्याच्या या वेडापायी आमच्या कितीतरी बस चुकल्या, कितीतरी बोलणी खाल्ली. असा माणूस आम्लाचं कपाट उघडं टाकून चहाला जाईल? ती भाजलेली पोर माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण, दोघी एका बाकावर बसणाऱ्या. त्या दिवसापासून माझी मुलगी धड जेवत नव्हती, धड झोपत नव्हती, आणि मी म्हणत होते, साहजिक आहे, पोरींचा जीव असतो एकमेकींवर.

आता ते दोन शब्द. बाहेरच्या माणसाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, सभ्य माणूस दिसतो असं म्हणेल फार तर. पण आम्ही दोघंही त्याच शाळेत शिकलेलो. डॉमिनिकन फादरांची शाळा. पांढरे झगे, थंडीत वरून काळा अंगरखा, कमरेला चामड्याचा पट्टा आणि त्याला लोंबणारी जपमाळ. वऱ्हांड्यातून आधी मण्यांचा आवाज यायचा, मग फादर यायचे. फाटकावर दगडी कुत्रा, तोंडात पेटती मशाल धरलेला. त्यांचा संस्थापक संत पोटात होता तेव्हा त्याच्या आईला स्वप्न पडलं होतं म्हणे, की आपल्या पोटी कुत्रा आलाय आणि तो तोंडातल्या मशालीनं सगळं जग पेटवत सुटलाय. हे पहिलीच्या पोरांना सांगायचे आणि वर म्हणायचे, घाबरू नका, हा उजेड आहे. मी घाबरायचे. उजेड असेल तर असेल, पण कुत्र्याच्या तोंडात का? कुत्र्याखाली एकच शब्द कोरलेला होता, सत्य. भाऊ लहान असताना माझं बोट धरून त्या फाटकातून आत जायचा आणि कुत्र्यापाशी आला की डोळे मिटून घ्यायचा. "गेला का गं ताई?" विचारायचा. मी मुद्दाम म्हणायचे, "नाही, मागे येतोय."

त्या फादरांची मठात आपापसात एक जुनी रीत होती. ठरल्या दिवशी सगळे जमायचे, आपली चूक आपण सांगायची, आणि ज्यानं आपली सांगितली नाही त्याची दुसऱ्यानं सांगायची. ती त्यांची त्यांच्यापुरती होती. पोरांना ती लावावी असं कुणीही सांगितलेलं नव्हतं. ती लावली आमच्या मुख्याध्यापक फादरांनी, स्वतःच्या डोक्यानं, आणि वाईट हेतूनं मुळीच नाही. त्यांना आम्ही खडू म्हणायचो. उंच, पांढरे, कोरडे, आणि बोलायला लागले की भूमिती गाण्यासारखी कळायची. त्यांच्याइतकं चांगलं मला पुढे कुणीच शिकवलं नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला सगळी शाळा हॉलमध्ये बसायची. त्या तासाचं नाव पुकारा. कुणीही उठायचं आणि म्हणायचं, "प्रेमापोटी पुकारते," आणि मग नाव आणि चूक. अमक्यानं कॉपी केली. तमकीनं चर्चमध्ये च्युइंगगम खाल्लं. ज्याचं नाव आलं त्यानं उभं राहायचं, मान खाली घालायची, "आभारी आहे" म्हणायचं आणि बसायचं. संपलं. छडी नाही, शिक्षा नाही, घरी चिठ्ठी नाही. फक्त उत्तर द्यायचं नाही. खरं असो की धादांत खोटं असो, उत्तर नाही. खोटा आळ सोसला की ती प्रार्थना होते, असं खडू म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. मला त्याच डोळ्यांची भीती जास्त वाटायची. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

मी भांडले एकदा. माझं नाव आलं, आळ खोटा होता, मी ताडकन उठले आणि म्हटलं, "साफ खोटं आहे, मी तिथे नव्हतेच!" सगळा हॉल गार. खडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आजचं झालं," एवढंच म्हणाले आणि जपमाळ सावरत निघून गेले. पुढे कितीतरी दिवस वर्गात माझ्याशी कुणी बोललं नाही, शेजारची बाकावर दप्तर मध्ये ठेवायची. तेव्हापासून मी जी बोलत सुटले ती आजतागायत. नवरा बोटीवर असतो, वर्षातून एकदा उगवतो, आणि म्हणतो, तुझ्या बडबडीनं मला समुद्र गोड लागतो. पण भाऊ. भावाच्या ते हाडीमाशी भिनलं. त्याच्यावर खरे-खोटे किती आळ आले असतील, त्यानं एकदाही मान वर केली नाही. पोरांना सवयच झाली, कुणाचं काही हरवलं की याचं नाव. घरी मी चिडायचे, "अरे, बोलला का नाहीस?" तो शांतपणे दप्तर भरत असायचा.

मग फादर म्हातारे झाले. नवे झगेवाले येईनात, होते ते एकेक करून थडग्यात गेले नाहीतर दूरच्या मठात. शेवटचे खडूच, टॅक्सीत एक बॅग घेऊन बसले आणि गेले. शाळा माजी विद्यार्थ्यांच्या समितीकडे आली, पुकारा बंद झाला, हॉलमध्ये बॅडमिंटनच्या रेघा आखल्या. गेलं म्हटलं सगळं. कसलं जातंय! झगे गेले, आम्ही राहिलो की. या गावात माझ्या खुर्चीत बसणारा माणूस आमच्या शाळेचा आहे की नाही हे मी ओळखते. दाढ उपटल्यावर इतर लोक ओय ओय करतात, आमचे लोक रक्ताळलेल्या तोंडानं आभार मानतात. एका पेशंटची बायको मला म्हणाली होती, "आमच्याकडे भांडणच होत नाही हो. मी बोलते आणि हे थँक्यू म्हणून झोपायला जातात. एखाद दिवशी मी उशीच दाबणार आहे." आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. त्या दिवशी बेसिनपाशी उभी असताना मला ते आठवलं आणि हसू काही आलं नाही.

राहिलेले पेशंट उद्यावर ढकलले आणि मी भावाकडे गेले. त्याची खोली तसबिरींना चौकटी करणाऱ्या दुकानाच्या वर, जिन्यात कायम सरसाचा वास आणि करवतीचा आवाज. तो इस्त्री करत होता. सोमवारचा शर्ट. "ये ताई. चहा टाकू?" म्हणाला.

"चहा घाल चुलीत. तू कपाट उघडं टाकलंस का? हो की नाही, एवढंच सांग."

"बस ना आधी."

"बसायला नाही आले. हो की नाही?"

"इस्त्री तापलीये, जरा सरक," म्हणाला आणि कॉलर उलटी करून अस्तराकडून फिरवायला लागला, आई फिरवायची तशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, अरे, मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आ करा, आ करा म्हणत असते, परके लोक करतात, आणि तू सख्खा भाऊ असून मूग गिळून बसतोस? ते लोक मान्य केलं असं लिहिणार आहेत. "लिहू देत." तू केलेलं नाहीस हे मला माहितीये. "मग झालं तर. तुला माहितीये ना?" माझ्या माहितीला कोण विचारतंय! "नाही" हा एक शब्द उच्चारायला काय जातं तुझं? त्यानं इस्त्री उभी केली, वायर काढली, गुंडाळली. मग म्हणाला, "नाही म्हटलं की संपत नाही ताई. नाही म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो."

"येऊ दे की! कुठला प्रश्न?"

"तू नाहीस, तर मग कोण."

मला वाटलं, हे खडूच बोलतायत. तीच कोरडी पद्धत, तेच ओले डोळे. मला खरंच रडू फुटलं, आणि रडू आलं की मी ओरडते, तशी ओरडले. तुला जमत नसेल तर मी बोलते म्हटलं. त्याच्यासमोरच समितीच्या अध्यक्षांना फोन लावला आणि सोमवारी मला पाच मिनिटं द्या म्हणून मागून घेतली. ते म्हणाले, जरूर या. भाऊ म्हणाला, "तू येऊ नकोस." म्हटलं, येणार, छातीठोकपणे येणार. तो जिना उतरून माझ्याबरोबर खालपर्यंत आला, कुलूप न लावता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. रस्त्यावर त्यानं विचारलं, "पोरगी जेवते का?" कुठलं जेवतेय, म्हटलं, ताट चिवडते आणि उठते. तो चौकटींच्या दुकानाकडे बघत उभा राहिला, म्हणाला, "तिला काही बोलू नकोस," आणि मला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

घरी आले तर मुलगी अजून गणवेशातच, टेबलाशी, पुढे उकडलेलं अंडं तसंच, सोललेलं आणि गार झालेलं. बाहेर उजेड होता पण तिनं दिवा लावला होता. "आई, मामाला काय करतील?" मी चपला काढत काढत सांगितलं, काही करत नाहीत, मी सोमवारी जाणार आहे आणि सगळ्यांच्या तोंडावर सांगणार आहे. "काय सांगणार?" की त्यानं कपाट उघडं टाकलेलं नाही. "नाहीच टाकलं," ती म्हणाली. "मी उघडलं." एक चप्पल माझ्या हातात होती. ती बोलत गेली, अंड्याकडे बघत, न थांबता, जणू पाठ केलेलं. मामानं वर्गात आरसा करून दाखवला होता, साध्या काचेच्या बाटलीत आतून चांदी चढते आणि आपलं तोंड दिसतं. दोघींना तसा एक हवा होता. मामाचा कोट खुंटीला होता. बाटली आधी आम्लानं धुवावी लागते. "तिनं धरली, मी ओतलं. मग वरून पाणी ओतलं. मामा शंभरदा सांगतो की आम्लात पाणी नाही ओतायचं. मला आठवलंच नाही गं. मामा धावत आला, तिला नळाखाली धरलं आणि मला म्हणाला, तू वर्गात जा. आणि मी गेले, आई. ती किंचाळत होती आणि मी वर्गात जाऊन भूगोलाचं पुस्तक काढून बसले."

मी तिला जवळ घेतलं. घेतलं हे खरं आहे, तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा कुणीतरी. केसांना शाळेचा वास येत होता, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत असताना डोकं मात्र दुसरीकडेच भराभरा चाललं होतं. कुणी पाहिलं का? नाही. किल्लीवर तिच्या हाताचं काय राहणार? नाही. ती पोर बोलत नाही. भाऊ बोलणार नाही. इतक्यात ती माझ्या खांद्यातून म्हणाली, "मी सोमवारी येते. मीच सांगते." आणि माझ्या तोंडातून निघालं, "गप्प बस."

"पण तूच म्हणालीस ना..."

"एक शब्द नाही. ना मैत्रिणींना, ना बाबांना. समजलं?"

"मग मामा?"

"मामाचं मी बघते."

ती बाजूला झाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज तिच्यावर कधी चढला नव्हता असं नाही, मी काय शांत बाई नाही; पण हा आवाज ओरडण्याचा नव्हता. हळू होता, मायेचा होता, आणि त्यात उत्तराला जागा नव्हती. मी तो ओळखला. तिनं नव्हता ओळखला, तिच्या वेळी ते झगे कुठे होते, पण ती गप्प झाली. अंडं तिनं खाल्लं. मी समोर बसून खायला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःला समजावत होते. दात घासायच्या ब्रशसारखं तेच ते, मागे-पुढे. भाऊ एकटा आहे, त्याला ना बायको ना पोरं; त्याला दुसरी नोकरी मिळेल, मीच माझ्याकडे हिशेबाला ठेवीन; ती कोवळी आहे, तिच्यावर हा शिक्का बसला तर जन्माचा. त्यानं स्वतः ठरवलंय ना? मग मी कोण मोडणारी? मला कळत होतं की मी त्याला विकतेय. साफ कळत होतं. आणि तरी मी सोमवारी काय बोलायचं ते जुळवत होते, असं की भाऊही सुटावा आणि पुढचा प्रश्नही येऊ नये. असं काही नव्हतंच. रविवारी मी हॉस्पिटलमध्ये गेले. का गेले? पोरीची विचारपूस करायला, असं मी दारात म्हटलं. तिची आई बाकावर बसली होती, मांडीवर टॉवेल घड्या घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मला बघून उठली, माझे हात धरले. "तुमची मुलगी रोज येते हो. हिच्याशी एकटीच बोलत बसते. देव भलं करो तिचं." मग म्हणाली, डॉक्टर म्हणतात की आता कधीही बोलेल, धक्का ओसरतोय, काल ओठ हलले. दार अर्धवट उघडं होतं. आत पांढरी पट्टी, पट्टीतून बाहेर आलेलं नाक आणि उशीवर विस्कटलेले केस दिसत होते. मी तिच्या आईचे हात दाबले आणि मनात म्हटलं, नको. नको बोलूस पोरी. काही दिवस तरी नको. हे मी म्हटलं. त्या बाईचे हात हातात धरून म्हटलं.

सोमवारी बैठक फादरांच्या जुन्या खोलीत होती. दोन्ही भिंतींना समोरासमोर लाकडी बाकं, म्हणजे बसलं की समोरच्याच्या तोंडाकडेच बघायचं; मध्ये आता एक टेबल टाकलेलं. अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश, आमच्याच शाळेचे. प्रिन्सिपॉल बाई, आमच्याच शाळेच्या, माझ्या पुढच्या वर्गात होत्या. भाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात एकटा एका बाकावर. मी उभी राहिले आणि सुरुवात तरी जोरात केली. म्हटलं, "आभारी आहे" म्हणजे "मान्य आहे" नव्हे. हे तुम्ही बाहेरच्यांना लिहून दिलंत तर त्यांना कळणार नाही, पण तुम्हाला कळतं. या माणसाला नाही म्हणायला कधी शिकवलेलंच नाही. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "डॉक्टर, आम्हीही इथलेच. आम्हाला का माहीत नाही?"

"मग मान्य केलं असं कसं लिहिता?"

"ते दुसरं काहीच बोलले नाहीत, तर आम्ही काय लिहावं? कुणाचं तरी नाव लागणारच. पोरीचा डोळा गेलाय, काल रात्री निश्चित झालं." त्यांचा आवाज दुखावलेला होता, निर्दय नव्हता. "बरं, तुमचं धरून चालू. यांनी कपाट उघडं टाकलं नाही. मग कुणी?"

भावानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, फक्त माझ्याकडे, आणि मान जराशी नकारार्थी हलवली. डोळा गेलाय. मी म्हटलं, "ते मला काय माहीत." आणि त्याच वेळी दाराशी शिपायाचा आवाज आला, अगं, आत जाऊ नको, अगं ए, आणि माझी मुलगी आत आली. वर्गातून उठून आली होती, हातात पेन तसंच. ती कुणालाही नमस्कार न करता टेबलापाशी गेली आणि म्हणाली, "किल्ली मी घेतली. पाणी मी ओतलं. मामा तिथे नव्हता."

मग सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर, हे खरं आहे?"

किती सोपं होतं. हो, एवढंच. आणि मी काय केलं? मी दवाखान्यातला आवाज काढला, घाबरलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी असतो तो, मऊ, खात्रीचा. म्हटलं, तिला बरं नाहीये हो. मैत्रिणीचं असं झाल्यापासून ती जेवत नाही, झोपत नाही. मामावर फार जीव आहे तिचा, त्याला वाचवायला काहीही बोलेल. तिचं मनावर घेऊ नका. आणि ते पटलं. मला त्यांचे खांदे सैल पडताना दिसले. प्रिन्सिपॉल बाई म्हणाल्या, "साहजिक आहे गं बाई, या वयात होतं असं." अध्यक्षांनी चष्मा परत लावला, "शहाणी मुलगी आहेस, बाळ. जा आता." मुलगी माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर मी सोसलं असतं. ती असं बघत होती की ही बाई कोण, कुठे पाहिलीये आपण हिला.

तेव्हा भाऊ उठला. मान खाली घालेल असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं, आणि देवा, मला ते हवं होतं. त्यानं घातली नाही. त्याचा आवाज फाटका निघाला, कधी न वापरलेला. "पोरगी खरं बोलतेय. ताई खोटं बोलतेय." मग म्हणाला, "मीच तिला वर्गात पाठवलं. नको होतं पाठवायला. मला वाटलं मी सोसलं की झालं. ती रोज खंगतेय हे मला दिसत होतं, तरी मी तेच करत बसलो." प्रेमापोटी वगैरे त्यानं काही म्हटलं नाही. माझं नाव घेतलं, सगळ्यांदेखत, आणि मी, जी आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. प्रिन्सिपॉल बाईंनी माझ्यावरची नजर काढून घेतली आणि पदर सारखा केला.

अध्यक्षांनी स्वतः उठून टेबलाजवळ खुर्ची ओढली. "बस, बाळ. पहिल्यापासून सांग. घाई नाही." मुलगी बसली. मामा येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. मीही पुढे झाले, तिच्या केसांवर हात ठेवायला, तर ती बाजूला सरकली आणि अगदी हळू, वर न बघता म्हणाली, "आई, तू बाहेर थांब ना. तू असलीस की मला बोलता येत नाही."

मी भावाकडे पाहिलं. तो म्हणाला, "जा ताई." मी बाहेर आले. शिपायानं दार ओढून घेतलं आणि मला स्टूल दिलं, मी बसले नाही. वऱ्हांड्यात कुठल्यातरी वर्गातून पोरं एकसुरात काहीतरी म्हणत होती. दाराआडून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो मध्ये कुठेच थांबत नव्हता, आणि मी दाराला कान लावून माझं नाव येतंय का ते ऐकत राहिले.